विमानाचा पार्ट मागवायचाय? आधी दाराच्या खांबावरची प्लेट वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की तिघा मित्रांनी मिळून घेतलेलं सेसना १७२एन जुहूला उभं आहे, अल्टरनेटर गेला, रजिस्ट्रेशनच्या कागदावर उत्पादन वर्ष १९७७ आहे म्हणून तुम्ही अमेरिकेतल्या विक्रेत्याला "१७२एन, १९७७, ६० अँपिअर" एवढं कळवलंत, त्याने पाठवला, सहार विमानतळावर ड्युटी भरून सोडवून आणलात, आणि तुमच्या एएमईने, म्हणजे विमान देखभालीचं लायसन्स असलेल्या इंजिनियरने, तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि बसवायला साफ नकार दिला. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर तुम्हाला सारखेच दिसतात, दोन्हींवर ६० अँपिअर लिहिलंय, मग अडचण काय, आणि पुढच्या वेळी बरोबर पार्ट शोधायचा कसा.

मी स्वतः एएमई आहे, जुहू आणि बारामती धरून छोट्या विमानांवर सव्वीस वर्षं झाली, त्यातली निम्मी वर्षं तरी पार्ट शोधण्यातच गेली असं म्हटलं तरी चालेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या एएमईचं शंभर टक्के बरोबर आहे, त्याचे आभार माना. १७२एन हे नाव १९७७ ते १९८० अशी चार मॉडेल वर्षं चाललं. १९७७ च्या मॉडेलला १४ व्होल्टची सिस्टिम होती, १९७८ पासून सेसनाने ती २८ व्होल्टची केली. अल्टरनेटर दोन्हीकडे ६० अँपिअरचाच. तुम्ही लिहिलंय की बॅटरीवर २४ व्होल्ट आहे, आणि २४ ची बॅटरी चार्ज करायला २८ ची सिस्टिम लागते, म्हणजे तुमचं विमान २८ व्होल्टवालं आहे आणि आलेला अल्टरनेटर १४ व्होल्टचा आहे. मग कागदावर १९७७ कसं? तर गाड्यांचं असतं तसंच, पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षाच्या शेवटी शेवटी कारखान्यातून निघायला लागतं. तुमचं विमान तयार झालं १९७७ मध्ये, पण कारखान्याच्या हिशोबात ते १९७८ चं मॉडेल. रजिस्ट्रेशनवर तयार झाल्याचं वर्ष लिहितात, मॉडेल वर्ष नाही. विक्रेत्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याचीही चूक म्हणता येत नाही. आणि हा बसवला असता तर फील्ड कॉइलला दुप्पट व्होल्टेज मिळालं असतं, तो जळला असता आणि तो जळताना तुम्ही कुठे असता, बहुतेक समुद्रावर.

यातून एकच गोष्ट घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. विमानाचा पार्ट मॉडेलच्या नावावर शोधायचा नसतो, वर्षावर नसतो, फोटोवरून तर अजिबात नसतो. तो सिरीयल नंबरवर शोधायचा असतो.

सिरीयल नंबर कुठे? तुमच्या १७२ च्या डाव्या दाराच्या पुढच्या खांबावर खाली एक छोटी धातूची प्लेट असते. तिथे वाकून, टॉर्च मारून, नंबर स्वतः वाचा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कागदावरून उतरवू नका. सर्टिफिकेट टाईप करताना आकडा उलटसुलट झालेला मी दोनदा बघितलाय. इंजिनाची प्लेट वेगळी, तिचाही फोटो. प्रोपेलरचा नंबर हबवर ठोकलेला असतो, तोही. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र), कार्ब्युरेटर, चाकं, ब्रेक, प्रत्येकावर आपापली प्लेट किंवा शिक्का असतो. एक रविवार काढा, तिघं मिळून जा, एक जण टॉर्च धरेल, एक वाचेल, एक लिहील. एवढं एकदा केलंत की पुढची दहा वर्षं सुखाची जातील.

इंजिनाचं नाव पूर्ण लिहा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. "लायकोमिंग ओ-३२०" एवढ्यावर कुणी काही मागवत असेल तर मला भीतीच वाटते. तुमच्यात कारखान्यातून ओ-३२०-एच२एडी आलं असणार, १७२पी मध्ये ओ-३२०-डी२जे आहे, त्याआधीच्या १७२एम मध्ये ओ-३२०-ई२डी. ३२० म्हणजे नुसतं ३२० घन इंच, बाकीची गोष्ट मागच्या अक्षरांत आहे. एच२एडी तर आतून बरंच वेगळं इंजिन आहे. त्यात शेवटचं डी म्हणजे दोन्ही मॅग्नेटो एकाच डब्यात आणि एकाच ड्राईव्हवर, त्यामुळे कुणी तुम्हाला "ओ-३२० चा लेफ्ट मॅग्नेटो आहे माझ्याकडे, स्वस्तात देतो" म्हणाला तर तो तुमच्या कामाचाच नाही. त्या इंजिनाच्या कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या झिजेमुळे अमेरिकेत १९८० साली एडी, म्हणजे पाळावाच लागणारा सुरक्षेचा सरकारी आदेश, निघाली, तेव्हापासून त्याच्या ऑईलमध्ये लायकोमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ नावाचं ॲडिटिव्ह लागतं किंवा ते आधीच मिसळलेलं ऑईल. म्हणजे बघा, ऑईलसुद्धा इंजिनाच्या पूर्ण नावावरच ठरतं. कार्ब्युरेटरचं तेच. एमए-४एसपीए हे नाव शेकडो इंजिनांवर दिसेल, पण खरी ओळख त्याच्या प्लेटवरच्या १० ने सुरू होणाऱ्या नंबरात, जेटची मापं त्याप्रमाणे बदलतात. बाहेरून जुळे भाऊ.

सिरीयल नंबर हातात आला की मग आयपीसी उघडायचं, म्हणजे चित्रांसह पार्ट्सचं कॅटलॉग. हे सेसनाचं, आता सेसनाच्या मालक कंपनीकडून, टेक्स्ट्रॉनकडून मिळतं, चालू आवृत्तीच वापरायची. नेटवर फिरणाऱ्या जुन्या स्कॅन केलेल्या पीडीएफवरून अंदाज घ्यायला हरकत नाही पण त्यावरून ऑर्डर देऊ नका. कॅटलॉग वाचायची पद्धत अशी की आधी फिगर शोधायची, त्यातला इंडेक्स नंबर बघायचा, मग समोरच्या यादीत त्या नंबरासमोर पार्ट नंबर. आणि इथेच नवखे लोक थांबतात. त्याच इंडेक्स नंबराखाली बहुतेक वेळा तीन-चार पार्ट नंबर एकाखाली एक असतात आणि उजवीकडच्या रकान्यात ए, बी, सी अशी अक्षरं असतात. ती अक्षरं म्हणजे कुठल्या सिरीयलपासून कुठल्या सिरीयलपर्यंत हा पार्ट चालतो त्याचा कोड, आणि त्याची फोड त्याच फिगरच्या शेवटी दिलेली असते, कधी दोन पानं पुढे. अल्टरनेटरच्या फिगरमध्ये तुमची सगळी गोष्ट त्या एका अक्षरात होती. आमच्या हँगरमध्ये मी पोरांना सांगतो की पट्टी ठेवून वाच, बोट घसरतं. खरंच पट्टी ठेवा.

सेसनाच्या पार्ट नंबरची थोडी ओळख असली की चूक लवकर डोळ्यात येते. साधारणपणे ०४ ने सुरू होणारे १५० आणि १५२ साठी काढलेले, ०५ वाले १७२ चे, ०७ वाले १८० आणि १८२ चे. याचा अर्थ १७२ ला ०४ चा पार्ट लागणारच नाही असं नाही, सेसनाने एका मॉडेलचा पार्ट दुसऱ्यात सर्रास वापरलाय, पण असा नंबर दिसला की मी दुसऱ्यांदा तपासतो. एस ने सुरू होणारे त्यांचे स्टँडर्ड नटबोल्ट, वॉशर वगैरे, सी ने सुरू होणारे बाहेरच्या कंपनीकडून घेतलेले. डॅशच्या पुढचा आकडा कधीही सोडू नका. डॅश १ डावा आणि डॅश २ उजवा असं पुष्कळदा असतं, आणि जुहूला दोन डावे फेअरिंग (बाहेरची झाकणं) घेऊन बसलेला माणूस मी बघितलाय.

आता समजा नंबर मिळाला आणि विक्रेता म्हणाला हा बंद झाला, त्याच्याऐवजी आता हा दुसरा येतो. होतं असं, नंबर बदलत राहतात. पण तो बदल कारखान्याच्या कागदावर असायला हवा, म्हणजे कॅटलॉगच्या नव्या आवृत्तीत किंवा सर्व्हिस बुलेटिनमध्ये किंवा टेक्स्ट्रॉनच्या पार्ट सिस्टिममध्ये. विक्रेत्याच्या फोनवरच्या तोंडी शब्दावर नाही. आणि बदललेल्या नंबरासोबत कधीकधी ब्रॅकेट, बोल्ट किंवा वायरिंगही बदलावं लागतं, ती टीप वाचा, नाहीतर पार्ट येतो आणि ब्रॅकेटसाठी पुन्हा तीन आठवडे.

इथपर्यंत सगळं विमान कारखान्यातून निघालं तसंच आहे असं धरून चाललंय. पण पंचेचाळीसहून जास्त वर्षांचं विमान कधीच तसं नसतं. म्हणून कॅटलॉगच्या आधी नाही तर निदान सोबत तरी लॉगबुक. एअरफ्रेमचं, इंजिनाचं, प्रोपेलरचं, पहिल्या पानापासून. एसटीसी हा शब्द शोधा. एसटीसी म्हणजे मूळ डिझाईनमध्ये बदल करायची मंजुरी, आणि ज्या भागावर एसटीसी बसलं त्या भागापुरतं सेसनाचं कॅटलॉग तुमच्यासाठी बंद झालं. उदाहरणार्थ कुणी १७२ ला १८० हॉर्सपॉवरचं ओ-३६० बसवलं असेल तर इंजिन, माउंट, एक्झॉस्ट, प्रोपेलर, हे सगळं त्या एसटीसीच्या कागदांतून शोधायचं. अल्टरनेटरमध्ये तर हे फार आहे, बऱ्याच लोकांनी जुना फोर्ड पद्धतीचा काढून प्लेन-पॉवरचा हलका अल्टरनेटर एसटीसीवर बसवलाय. तुमच्यात कुठला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी बघा. काढलेल्या अल्टरनेटरवरची प्लेट आणि लॉगबुकमधली नोंद, दोन्ही जुळायला हव्यात.

विमान आधी अमेरिकेत एन नंबरवर, म्हणजे तिथल्या रजिस्ट्रेशनवर असेल, आणि आपल्याकडची बरीच जुनी १७२ तशीच आलीत, तर अजून एक सोय आहे. तिथे मोठा बदल केला की फॉर्म ३३७ भरून एफएएकडे, म्हणजे तिथल्या विमान खात्याकडे पाठवावा लागतो, आणि ती सगळी फाईल ओक्लाहोमा सिटीला जपून ठेवलेली असते. जुना एन नंबर आणि सिरीयल नंबर देऊन, थोडी फी भरून ती मागवता येते. कोणी कधी काय बसवलं, सगळं त्यात सापडतं. लॉगबुकमध्ये हरवलेली एक एसटीसी मला अशीच सापडली होती, तेव्हापासून जुनं विमान कुणी घेत असेल तर मी त्याला पहिल्यांदा ही फाईल मागवायला सांगतो.

आणि विमान फ्रान्समध्ये रीम्सने बांधलेलं असेल, म्हणजे मॉडेल एफ१७२, तर त्याचं कॅटलॉग वेगळं, टाईप सर्टिफिकेट वेगळं. तुमचं अमेरिकन आहे, अमेरिकेत बांधलेली १७२एन ३ए१२ नावाच्या टाईप सर्टिफिकेट डेटा शीटमध्ये येते. ती शीट एफएएच्या साईटवर फुकट आहे. उतरवून घ्या, त्यात तुमच्या मॉडेलला कुठलं इंजिन, कुठला प्रोपेलर मंजूर आहे ते सगळं लिहिलंय.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावतोय ती सांगतो. लोक म्हणतात, एवढं कशाला, जो पार्ट निघाला त्याच्यावरचा नंबर बघायचा आणि तोच मागवायचा. काही वर्षांपूर्वी एक १५२ आमच्याकडे तपासणीला आलं, आधी दुसरीकडे देखभाल व्हायची. पंखाखालचं पॅनल उघडून मी एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) बेलक्रँकवर, म्हणजे तो हलवणाऱ्या जोडावर, टॉर्च मारला. बोल्टच्या डोक्यावर विमानाच्या एएन बोल्टला असते तशी फुलीची खूण नव्हती, त्याजागी ८.८ असा आकडा होता. हा आपला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किलोवर मिळणारा एम५ बोल्ट. तिथे लागतो एएन३, म्हणजे एक इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले तीन, मिलिमीटरमध्ये ४.७६. एम५ म्हणजे ५. पाव मिलिमीटरसुद्धा फरक नाही, पण तो आत जात नव्हता म्हणून कुणीतरी भोकच रीमर घालून मोठं केलं होतं. म्हणजे आता बरोबर बोल्ट आणला तर तो त्या भोकात खुळखुळणार. मी बोट लावून हलवला तर जाणवत होतं. बेलक्रँकच बदलावा लागला, विमान तीन आठवडे जमिनीवर, आणि दोन रुपयांच्या बोल्टची किंमत किती झाली ते त्या मालकाला विचारा. त्या विमानात निघालेल्या पार्टवरून मागवलं असतं तर आम्ही पुन्हा ८.८ च आणला असता. म्हणून बसलेला पार्ट हा पुरावा नाही, फक्त सुगावा आहे.

बोल्टवर आलोच आहे तर नंबर वाचायला शिका, सोपं आहे. एएन३-५ए मध्ये ३ म्हणजे जाडी, इंचाच्या सोळाव्या भागात. ५ म्हणजे लांबी, साधारण इंचाच्या आठव्या भागात, आणि यात ७ नंतर एकदम १० येतो कारण १० म्हणजे एक इंच, ११ म्हणजे एक इंच आणि एक अष्टमांश. शेवटचं ए म्हणजे बोल्टच्या टोकाला कॉटर पिनसाठी भोक नाही. ए नसेल तर भोक आहे. आता जिथे जोड फिरतो, कंट्रोलमध्ये, तिथे खाचेचा नट आणि कॉटर पिन लागते. तिथे चुकून ए वाला बोल्ट मागवलात तर पिन घालायला जागाच नाही. एक अक्षर. नागदेवीला स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट मिळतात आणि जुहूच्या खाऱ्या हवेत ते गंजणार नाहीत म्हणून चांगले असं वाटतं, पण ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बसला आणि त्यावर खारट ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. समुद्र आपल्या रनवेच्या टोकापलीकडेच आहे. जिथे कॅडमियम प्लेटिंगचा बोल्ट सांगितलाय तिथे तोच घ्या, स्टेनलेस फक्त कॅटलॉगने सांगितला तरच.

ओ-रिंगचंही असंच, आणि हे फार धोक्याचं कारण ती स्वस्त असते म्हणून कुणी लक्ष देत नाही. एमएस२९५१३ ही पेट्रोलसाठी, एमएस२८७७५ ही ब्रेकच्या लाल हायड्रॉलिक ऑईलसाठी. दोन्ही काळ्या, मापाचे डॅश नंबरही सारखे, पाकिटातून काढून टेबलावर ठेवल्या तर मलाही ओळखू येणार नाहीत. म्हणून पाकीट फोडलं की लगेच बसवायची, टेबलावर मोकळी पडलेली ओ-रिंग कचऱ्यात. पाकिटावर रबर कधी बनलं ती तारीख असते, ती बघा. लँडिंग लाईटचा दिवासुद्धा, ४५०९ हा १४ व्होल्टच्या सिस्टिमचा, ४५९१ हा २८ चा, काचा सारख्याच.

आता कागद, म्हणजे पार्ट वापरायला योग्य असल्याचं रिलीज सर्टिफिकेट. आमच्याकडे म्हणतात कागद म्हणजे अर्धा पार्ट, मी म्हणतो अर्ध्याहून जास्त. नवीन पार्ट अमेरिकेतून आला तर सोबत एफएएचा फॉर्म ८१३०-३, युरोपातून आला तर ईएएसए फॉर्म १, आणि आपल्याकडच्या मान्यताप्राप्त संस्थेने दुरुस्त करून दिला तर सीए फॉर्म १. फॉर्म आहे एवढ्यावर खूश होऊ नका, तो वाचा. आठव्या रकान्यात पार्ट नंबर, दहाव्यात सिरीयल, अकराव्यात स्थिती म्हणजे नवीन, ओव्हरहॉल केलेला, दुरुस्त केलेला की नुसता तपासलेला, आणि बारावा शेरा, ज्यात कुठल्या मॅन्युअलप्रमाणे काम केलं ते असतं. पार्टवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळायला हवा. विक्रेत्यांच्या यादीत एआर असं लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्थ विमानातून काढला तसाच ठेवलाय, तपासलेला नाही. तो पार्ट घेऊन तुम्ही इथे काय करणार? सर्टिफिकेट मिळवण्यासाठी पुन्हा मान्यताप्राप्त दुकानात पाठवायचा, म्हणजे स्वस्तातला पार्ट महाग. आणि जिथे "कागद नंतर पाठवतो" असं उत्तर येईल तिथे पैसे पाठवू नका, नंतर कागद येत नाहीत.

हे सगळं नुसतं सरकारी नाटक आहे असं कुणाला वाटत असेल तर १९८९ चा नॉर्वेच्या पार्टनएअरचा अपघात वाचावा. कॉन्व्हेअर ५८० डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, ५५ माणसं गेली, शेपटीच्या जोडणीत बनावट बोल्ट निघाले. आणि २०२३ मध्ये तर मोठ्या एअरलाईनच्या इंजिनांत खोट्या रिलीज सर्टिफिकेटवरचे पार्ट सापडले, तेही एका लंडनच्या पुरवठादाराकडून आलेले. तिथे एवढी यंत्रणा असून सुटले, आपण तिघं मित्र आणि एक एएमई. कागदावर शंका आली तर फॉर्म देणाऱ्या संस्थेला थेट ईमेल करा, फॉर्मचा ट्रॅकिंग नंबर द्या आणि विचारा की हा तुम्हीच दिलाय ना. प्रामाणिक संस्था उत्तर देते.

कारखान्याचाच पार्ट घ्यायला पाहिजे असं नाही, ही एक गैरसमजूत आहे. पीएमए म्हणजे एफएएने दुसऱ्या कंपनीला तो पार्ट बनवायची दिलेली मंजुरी, आणि त्यात काही फार चांगलं काम करतात. मॅकफार्लेनचे सीट रेल आणि कंट्रोल केबल मी स्वतः निवडून घेतो. सीट रेल तर वेळेवर बदलाच, सेसनाची सीट टेक-ऑफच्या वेळी मागे सरकून अपघात झालेत म्हणून त्यावर एडी आहे, दर तपासणीत भोकांची झीज मोजावी लागते. पण पीएमए घेतानाही ती मंजुरी तुमच्या मॉडेलसाठी आहे का ते यादीत बघायचं. आणि अमेरिकन लोक लिहितात की तिथे मालक स्वतःच्या विमानासाठी पार्ट बनवून घेऊ शकतो. तिथे तशी तरतूद आहे, पण ती वाचून इथे अंधेरीच्या लेथवाल्याकडे जाऊ नका. आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान खात्याचे नियम लागतात, आणि सही तुमच्या एएमईची असते, लायसन्स त्याचं जातं.

कस्टमबद्दल थोडंच. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या पार्टवर आयजीएसटी सरसकट ५ टक्के केलाय, आधी पार्टप्रमाणे वेगवेगळे दर होते. पण त्याला अटी आहेत, आणि इन्व्हॉइसवर नुसतं "अल्टरनेटर" लिहिलं असेल तर समोरचा अधिकारी त्याला गाडीचा अल्टरनेटर का समजणार नाही? म्हणून विक्रेत्याला आधीच सांगा की इन्व्हॉइसवर विमानाचा पार्ट, विमानाचं मॉडेल, सिरीयल आणि पार्ट नंबर लिही, आणि ८१३०-३ ची प्रत बाहेरच्या पाकिटात ठेव. विमानाचे पार्ट नेहमी सोडवणारा ब्रोकर धरा, साधा नको. आणि एक्स्चेंजवर घेत असाल, म्हणजे जुना अल्टरनेटर परत पाठवायचा, तर मुदत विचारून घ्या. जुना तिकडे पोचेपर्यंत ते कोअर चार्ज म्हणून पैसे अडकवून ठेवतात, आणि इथून बाहेर पाठवायचे कागद करण्यात महिना जातो. मी विक्रेत्याकडून आधीच ईमेलवर वाढीव मुदत लिहून घेतो.

आता तुम्ही काय करायचं ते. आलेला अल्टरनेटर बसवलेला नाही हे फार बरं झालं, तो त्याच्या मूळ खोक्यात, कागदांसकट, हात न लावता ठेवा, लाल टॅग लावून दुसरीकडे, म्हणजे घाईगडबडीत कुणी उचलणार नाही. विक्रेत्याला आजच लिहा, न वापरलेला असल्यामुळे बहुतेक परत घेतील, थोडे पैसे कापतील. मग प्लेटवरचा सिरीयल, लॉगबुकमधली अल्टरनेटरची शेवटची नोंद आणि काढलेल्या अल्टरनेटरच्या प्लेटचा फोटो, हे तिन्ही तुमच्या एएमईसमोर ठेवा आणि पार्ट नंबर त्याच्याकडून लिहून घ्या, त्याच्या अक्षरात. ऑर्डर तुम्ही द्या, नंबर त्याचा. तो अल्टरनेटर का गेला हेही त्याला बघू द्या, कंट्रोल युनिट किंवा ढिली ग्राउंड वायर दोषी असेल तर नवाही तसाच जाईल.

आणि त्याच ऑर्डरमध्ये बेल्ट मागवा. लायकोमिंगला तो बेल्ट प्रोपेलरच्या मागे असतो, प्रोपेलर उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. अल्टरनेटरच्या कामात एएमईला प्रोपेलर उतरवावासा वाटला तर त्याच दिवशी नवा बेल्ट चढवा, जुना पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर पावसाळ्यात तडा गेलेला सापडायच्या आत. बेल्टचा नंबरही सिरीयलप्रमाणेच बघा, १४ आणि २८ व्होल्टच्या अल्टरनेटरची पुली आणि ब्रॅकेट एकच असतील असं धरू नका.